जीसीसीच्या फाइलमधले ढमढेरे: कंपायलरच्या आत जायची वाट कशी तयार झाली

मी मालवणातून बोलतोय, आणि मागे जो आवाज येतोय तो समुद्राचा आहे. इफेक्ट टाकलेला नाही, खिडकी उघडी आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना अडखळलेली वाक्यं जरा सरळ केली आहेत, बाकी सगळं तसंच.

मागच्या महिन्यात कुडाळच्या एका श्रोत्याचा मेसेज आला. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने लिहिलं होतं, "दादा, ओपन सोर्स कंपायलरवर काम करायचं डोक्यात आहे. पण आपण काय आयआयटीवाले नाही. आपल्याला आत कोण घेणार?"

मी दोनदा उत्तर टाइप केलं आणि दोनदा पुसलं. "हो रे, सगळ्यांना घेतात, कर सुरुवात" असं लिहिणं सोपं होतं, पण ते अर्धंच खरं आहे. कारण कंपायलरचं दार आज जेवढं उघडं आहे तेवढं पूर्वी नव्हतं. ते टप्प्याटप्प्याने उघडलं गेलं, आणि त्यात आपल्या पवईचाही हात आहे. म्हणून आज तो इतिहास सांगतो. शेवटी सुरुवात कशी करायची तेही सांगेन.

आधी एका मिनिटात कंपायलर म्हणजे काय ते. आपण सी, सी प्लस प्लस किंवा रस्टमध्ये जे लिहितो ते माणसाला कळणारं असतं. प्रोसेसरला कळतात फक्त त्याच्या स्वतःच्या सूचना. एकातून दुसऱ्यात नेणारा, आणि नेता नेता प्रोग्राम वेगवान करणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या सिस्टीमचा सी आणि सी प्लस प्लसमधला भाग क्लँग नावाच्या कंपायलरमधून निघालाय. हा क्लँग ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कोणीही वाचू शकतो आणि त्यात बदल सुचवू शकतो. त्याच्या आधीपासूनचा मोठा ओपन सोर्स कंपायलर म्हणजे जीसीसी.

कॉमेंटमधलं नाव

जीसीसीच्या सोर्समध्ये जीसीएसई नावाची एक फाइल आहे. फाइल उघडली की वरच्या भागात एक लांबलचक कॉमेंट आहे, आणि तिच्यात ज्या शोधनिबंधांच्या आधारावर तो कोड उभा आहे त्यांची यादी. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा फोनवर अंगठ्याने वर सरकवत होतो, आणि एकदम थांबलो. यादीत नाव होतं डी. एम. ढमढेरे. एकदा नाही, पुन्हा खालीही तेच. एक निबंध ऑक्टोबर १९८८ चा, एक एप्रिल १९९१ चा.

धनंजय ढमढेरे हे आयआयटी मुंबईतले कंपायलरचे प्राध्यापक. आपल्याकडे इंजिनीअरिंगच्या कितीतरी बॅचेस त्यांच्या सिस्टीम्स प्रोग्रामिंगच्या पुस्तकावर पास झाल्या. पण ते जगभर ओळखले गेले ते एका विशिष्ट प्रश्नावरच्या कामामुळे. तो प्रश्न मालवणच्या भाषेत सांगतो.

समजा, घरी यायला दोन वाटा आहेत. एक मच्छीमार्केटवरून येते, आणि त्या वाटेने येणारा बांगडे घेऊनच येतो. दुसरी वाट सरळ घरी येते. आता घरचा नियम असा की घरी पोचल्यावर प्रत्येकाने बाजारात जायचं आणि बांगडे आणायचे. जो मार्केटवरून आला त्याची ही खेप फुकट गेली. सरळ वाटेने आलेल्याची खेप मात्र गरजेची होती. म्हणजे काम पूर्ण वाया जात नाही, अर्धवट वाया जातं. उपाय काय? घरचा नियम काढून टाका, आणि सरळ वाटेने येणाऱ्याला वाटेतच बांगडे घ्यायला सांगा. मग कुठूनही या, खरेदी एकदाच.

प्रोग्राममध्ये वाटा म्हणजे इफ-एल्सच्या फांद्या, आणि बांगडे म्हणजे पुन्हा पुन्हा केलेलं तेच गणित. हे अर्धवट वाया जाणारं काम शोधून काढायची पद्धत मोरेल आणि रेनव्हॉइस या दोघांनी १९७९ मध्ये मांडली होती. ढमढेरेंच्या १९९१ च्या निबंधाचा विषय होता ती पद्धत व्यवहारात वापरता येईल अशी कशी करायची.

आता लक्षात घ्या, पवईत बसून लिहिलेला विचार आणि जगातल्या लाखो मशीनवर चालणारा कोड, या दोघांमध्ये बरंच अंतर असतं. निबंध छापून आला म्हणून तो कंपायलरमध्ये जात नाही. कोणाला तरी तो कोडमध्ये उतरवावा लागतो, आणि तो कोड कोणाला तरी आत घ्यावा लागतो. आत घेणारं दार कसं होतं, ते बघू.

स्टॉलमन यांचीही सुरुवात अडखळतच

२७ सप्टेंबर १९८३. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केलं की ते एक पूर्ण मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम लिहिणार, नाव ग्नू. सिस्टीम म्हटली की कंपायलर आलाच. आता तुम्हाला वाटेल, एवढा मोठा माणूस, बसला आणि लिहिला कंपायलर. तसं झालं नाही.

आधी त्यांनी तयार काहीतरी मिळतंय का ते बघितलं. नेदरलँड्समध्ये 'फ्री युनिव्हर्सिटी' नावाच्या विद्यापीठाचा एक कंपायलर संच होता. स्टॉलमननी लेखकाला पत्र लिहून विचारलं की हा ग्नूसाठी वापरू का. उत्तर थट्टेचं आलं: 'फ्री' विद्यापीठ आहे, कंपायलर नाही. ही गोष्ट त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

मग लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतला पेस्टल नावाचा कंपायलर मिळाला. स्टॉलमननी त्याला सी भाषा वाचणारा पुढचा भाग जोडला आणि तो ६८००० प्रोसेसरच्या मशीनवर न्यायला घेतला. तेव्हा कळलं की पेस्टल अख्खी फाइल एकदम मेमरीत घेतो आणि घेतलेली जागा सोडतच नाही. त्याला कितीतरी मेगाबाइटचा स्टॅक लागायचा, आणि त्या मशीनवरचं युनिक्स द्यायचं ६४ किलोबाइट. झालं, नाद सोडावा लागला. नवा कंपायलर मुळापासून लिहिला, पण पेस्टलसाठी केलेला तो सीचा पुढचा भाग वाया गेला नाही, नव्यात वापरला. मार्च १९८७ मध्ये पहिली चाचणी आवृत्ती बाहेर आली. तोच आपला जीसीसी.

हे मुद्दाम इतकं खोलात सांगितलं, कारण माझीही पहिली फजिती मेमरीचीच होती. त्यावर येतोच.

दार उघडं, पण आत कोण?

जीसीसी मुक्त होता. कोड कोणीही घेऊ शकत होतं, बदलू शकत होतं. पण तुमचा बदल मुख्य प्रतीत घेणं ही वेगळी गोष्ट. नव्वदीच्या दशकात विकास मोजक्या लोकांच्या हातात होता. रोजचं काम बाहेरच्याला दिसायचं नाही. आवृत्ती बाहेर पडली की कळायचं काय बदललं. बाहेर लोकांनी केलेल्या सुधारणा साचत राहिल्या. एरिक रेमंड यांनी १९९७ मध्ये ओपन सोर्सवर जो गाजलेला निबंध वाचला, त्यात बंदिस्त पद्धतीने चालणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरचं उदाहरण म्हणून जीसीसीचंच नाव होतं. म्हणजे कोड मुक्त असूनही काम बंद दाराआड चालू शकतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काही डेव्हलपर वैतागून वेगळे झाले. त्यांनी जीसीसीची एक फांदी काढली, नाव ईजीसीएस. फरक कोडपेक्षा पद्धतीत होता. चालू असलेलं काम सगळ्यांना दिसेल असं सर्व्हरवर ठेवलं, चर्चा उघड्यावर आणली, थोड्या थोड्या दिवसांनी चाचणीसाठी प्रती सोडल्या. कोणीही डाउनलोड करायचं, आपल्या मशीनवर टेस्ट चालवायच्या, काय मोडलं ते कळवायचं. म्हणजे एक ओळही न लिहिता प्रोजेक्टच्या कामात भाग घेता येऊ लागला.

एप्रिल १९९९ मध्ये ईजीसीएसलाच अधिकृत जीसीसी म्हणून मान्यता मिळाली. बंड करणारेच घरमालक झाले.

आणि आता ढमढेरेंकडे परत या. अर्धवट वाया जाणारं काम काढून टाकायची ती सोय आली ईजीसीएसच्या १.१ आवृत्तीत, सप्टेंबर १९९८ ला. म्हणजे पवईतला विचार छापून झाल्यावर सात वर्षांनी जीसीसीच्या घरात आला, आणि आला तो या नव्याने उघडलेल्या दारातून. मला हे कळलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला होता.

पवईतली शिकवणी

पण अजून एक दार शिल्लक होतं, आणि ते जास्त अवघड. कोड दिसतो, बदल पाठवता येतात, पण कळतंय कोणाला? २०१९ च्या सुमारास जीसीसीचा कोड दीड कोटी ओळींच्या घरात होता. कॉलेजात आपण कंपायलर शिकतो म्हणजे पार्सर काढतो, तक्ते भरतो आणि १०० मार्कांचा पेपर देतो. मी बीटेक केलं तिथे कंपायलरच्या लॅबमध्ये खरा कंपायलर एकदाही उघडला नाही. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या कॉलेजात हेच झालं असेल.

हे अंतर भरायचा प्रयत्न आयआयटी मुंबईत झाला. प्राध्यापक उदय खेडकर यांनी ढमढेरेंकडेच पीएचडी केलेली. दोघांचा मिळून लिहिलेला महत्त्वाचा निबंध १९९४ चा. कोडमध्ये कुठली माहिती कुठपर्यंत वाहत जाते, याला डेटा फ्लो ॲनालिसिस म्हणतात. खेडकर, अमिताभ सान्याल आणि बागेश्री करकरे यांचं त्या विषयावरचं पुस्तक २००९ मध्ये आलं. आणि त्याच काळात केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या मदतीने पवईत जीसीसी रिसोर्स सेंटर चाललं. त्याचं एक काम अगदी साधं: जीसीसी लोकांना समजावून सांगायचा. काही दिवसांच्या कार्यशाळा व्हायच्या, आणि त्यांच्या स्लाइड्स नेटवर सगळ्यांसाठी ठेवलेल्या होत्या.

त्या स्लाइड्समधल्या दोन गोष्टींनी माझा भ्रम उतरवला.

पहिली: कंपायलर समजून घ्यायला अख्खा कोड वाचायची गरज नाही. फक्त काय आत गेलं आणि काय बाहेर आलं एवढंच बघितलं तर तो काळा डबा. सगळा कोड वाचला तर पांढरा. ते म्हणायचे, मधला मार्ग घ्या, करड्या डब्याचा. जीसीसीला एक पर्याय दिला की तो प्रत्येक टप्प्यानंतर आपल्या प्रोग्रामचं काय झालं ते फाइलमध्ये लिहून ठेवतो. दहा ओळींचा प्रोग्राम द्या, ऑप्टिमायझेशन चालू करा, सगळे टप्पे मागा, शंभराहून जास्त फाइली पडतात. घाबरू नका. लागोपाठच्या दोन फाइली शेजारी ठेवायच्या आणि विचारायचं, इथे काय बदललं? बस. गुन्हा कुठे घडला ते कळलं की मग त्या टप्प्याचा कोड वाचायचा, बाकीचा सोडून द्यायचा.

दुसरी: नव्या प्रोसेसरसाठी जीसीसी तयार करायचं काम एकदम करायचं नाही. त्यांनी स्पिम नावाच्या शिकवणीच्या मशीनसाठी ते पायऱ्यांमध्ये तोडलं. आधी जवळजवळ रिकामं वर्णन, नुसतं बिल्ड होण्यापुरतं. मग फक्त किंमत देणं. मग बेरीज-वजाबाकी, मग फंक्शन कॉल, मग अटी. प्रत्येक पायरीवर कंपायलर चालतो, फक्त त्याला कमी येतं. लहान पोरासारखं.

बघा, यात नवा शोध काही नाही. जे ज्ञान काही लोकांच्या डोक्यात होतं ते दुसऱ्याला चढता येईल अशा पायऱ्यांत लिहून ठेवलं, एवढंच. आणि मला वाटतं, या सगळ्या इतिहासाचा मुद्दाच हा आहे. कंपायलरच्या दारात लोकांना अडवलं ते बुद्धी कमी होती म्हणून कमी वेळा, आणि आतलं कोणी लिहून ठेवलं नव्हतं, दाखवलं नव्हतं म्हणून जास्त वेळा.

एलएलव्हीएम: जिन्याला कठडा

याच्या समांतर दुसरी गोष्ट घडत होती. विक्रम अडवे यांनी आयआयटी मुंबईतून बीटेक केलं १९८७ मध्ये, म्हणजे जीसीसी आला त्याच वर्षी. पुढे ते अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांचा विद्यार्थी क्रिस लॅटनर. या दोघांनी २००० च्या शेवटाला एलएलव्हीएम सुरू केला, आणि पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००३ मध्ये आली. क्लँग याच कुटुंबातला. रस्ट, स्विफ्ट, ज्युलिया या भाषा एलएलव्हीएमवरच उभ्या आहेत. २०१२ चा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टीम पुरस्कार या कामाला मिळाला.

नवख्या माणसाच्या नजरेतून एलएलव्हीएमचं मोठेपण वेगळं आहे. तो सुट्या लायब्ररींचा बनलाय. एक टप्पा बाजूला काढून एकटा चालवता येतो. मधली भाषा मजकूर म्हणून वाचता येते, हाताने लिहिता येते. आणि कॅलिडोस्कोप नावाच्या छोट्या भाषेचा धडा आहे, जो करता करता तुमचा स्वतःचा कंपायलर तयार होतो. जिना होताच, त्याला कठडा लागला.

नियमही सैल होत गेले. जीसीसीत मोठा बदल द्यायचा तर पूर्वी कॉपीराइट फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे करून द्यायचे कागद लागायचे, आणि नोकरी करत असाल तर कित्येकदा कंपनीचीही सही. जून २०२१ पासून 'हा कोड द्यायचा मला हक्क आहे' अशी एक ओळ पॅचसोबत लिहिली तरी चालतं. एलएलव्हीएमचा कोड २०१९ मध्ये गिटहबवर आला, आणि सप्टेंबर २०२३ पासून बदलही तिथेच पुल रिक्वेस्टने जातात. नवख्यांसाठी 'गुड फर्स्ट इश्यू' अशी चिठ्ठी लावलेली कामं असतात.

'मासे' नावाचं व्हेरिएबल

आता एक गंमत करून बघा. सीच्या प्रोग्राममध्ये एका व्हेरिएबलला देवनागरीत 'मासे' असं नाव द्या. आजच्या जीसीसीत सरळ चालेल. पण हे जीसीसीत थेट चालायला लागलं ते १० व्या आवृत्तीपासून, मे २०२० मध्ये. क्लँगमध्ये २०१३ पासून चालत होतं. मधल्या काळात जीसीसीत असं नाव द्यायचं तर प्रत्येक अक्षराऐवजी त्याचा युनिकोड क्रमांक लिहायचा. 'मासे' लिहायला चार क्रमांक! असं नाव कोण देणार?

कोडमध्ये मराठी नावं द्यावीत की नाही हा वेगळा वाद आहे, मी स्वतः देत नाही. मुद्दा दुसरा आहे. एरर आली की कंपायलर चुकलेल्या अक्षराखाली एक छोटी खूण दाखवतो. ती नेमकी बसायची तर अक्षर पडद्यावर किती जागा घेतं ते मोजावं लागतं. इंग्रजीत एक अक्षर, एक जागा. आपल्याकडे मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरं. इथे काय बिघडतं हे सगळ्यात आधी कोणाला दिसेल? ज्याच्या कीबोर्डवर देवनागरी आहे त्याला. म्हणजे काही चुका अशा असतात की त्या शोधायला मालवणचा किंवा कुडाळचा माणूस जास्त लायक असतो. आयआयटीचा शिक्का तिथे कामाला येत नाही.

माझी फजिती

आता माझं. २०२१ चा लॉकडाउन, मी पुण्याहून घरी आलेलो. ऑफिसचं काम संपलं की रात्री कंपायलर बिल्ड करायचो. आठ जीबी रॅमचा लॅपटॉप. सगळं अगदी डीफॉल्टने, डीबग माहितीसकट. तीन-चार तास पंखा घोंगावायचा आणि शेवटी लिंक करताना मेमरी संपून सगळं मरायचं. १६ मेला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं, माड पडले, विजेचे खांब पडले, कित्येक दिवस लाइट नाही. लॅपटॉप बंद, आणि मीही मनातून विषय बंद केला.

लाइट आल्यावर बिल्डचं पान नीट वाचलं, जे मी आधी वाचलंच नव्हतं. तिथे सगळं लिहिलेलं होतं: डीबगऐवजी रिलीज बिल्ड घ्या, त्यात असर्शन चालू ठेवा. सगळ्या प्रोसेसरसाठी न करता फक्त आपल्या मशीनपुरतं करा. एका वेळी एकच लिंक चालू द्या. त्या रात्री बिल्ड झालं. ६४ किलोबाइटवर अडलेल्या स्टॉलमनची गोष्ट मी नंतर वाचली, आणि जरा बरं वाटलं.

मग पहिला पॅच. जवळजवळ दोनशे ओळी. एक दुरुस्ती, सोबत मला न आवडलेली कोडची मांडणी बदललेली, आणि टेस्ट एकही नाही. उत्तर आलं दोन ओळींचं: तुकडे करा, टेस्ट जोडा. मला अपमान वाटला. तीन महिने मी तिकडे फिरकलो नाही. आज मागे वळून बघतो तेव्हा कळतं की त्या माणसाने फुकटात माझं काम वाचलं होतं आणि अगदी बरोबर सांगितलं होतं. चूक माझी होती. पुढचा पॅच मी पाठवला तो कागदपत्रांतल्या एका उदाहरणाचा, जे जुनं होऊन चालेनासं झालं होतं आणि ज्यावर मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ घालवली होती. चार ओळी. दोन दिवसांत घेतला.

तर सुरुवात कशी करायची

कुडाळच्या मित्रा, हे खास तुझ्यासाठी.

लॅपटॉप नसेल तरी आज रात्री फोनवरून सुरू कर. कंपायलर एक्सप्लोरर नावाची साइट ब्राउझरमध्ये उघडते. डावीकडे सीचा छोटा प्रोग्राम, उजवीकडे तयार झालेल्या सूचना. एकच प्रोग्राम वेगवेगळ्या कंपायलरना दे, ऑप्टिमायझेशन बंद-चालू कर, आणि फरक का पडला ते विचार. बांगड्यांचं उदाहरण तिथे इफ-एल्स लिहून बघ.

मग प्रोजेक्टच्या चुकांच्या यादीत जा. तिथे कित्येक जुन्या नोंदी असतात ज्या आज खऱ्या आहेत का हेच कोणी तपासलेलं नसतं. एक उचल. ताज्या आवृत्तीवर करून बघ. चूक अजून होत असेल तर तसं लिही, नसेल तर तेही लिही. पाचशे ओळींचा प्रोग्राम दिला असेल तर तो कापून कापून दहा ओळींवर आण, चूक मात्र तशीच राहिली पाहिजे. यासाठी सी-रिड्यूससारखी साधनं आहेत, पण पहिल्यांदा हातानेच कर, कंपायलर कळतो.

लॅपटॉप मिळाला की बिल्ड कर, आणि काहीही न बदलता आधी टेस्ट चालव. तुझ्या मशीनवर आधीपासून कुठल्या टेस्ट पडतात ते माहीत नसेल तर पुढे तू काय मोडलंस ते कळणार नाही. पहिल्या पॅचमध्ये एकच बदल, त्यासोबत एक टेस्ट. उत्तर आलं नाही तर आठवडाभर थांब, मग नम्रपणे आठवण कर. गप्प बसले म्हणजे नाही म्हणाले असं नसतं, बहुतेक वेळा ते नुसते कामात असतात. आणि नोकरी लागली की करारात तुझ्या रिकाम्या वेळेतल्या कोडवर कंपनीचा हक्क आहे का ते आधी बघ.

आता कडू भाग. सगळी चर्चा इंग्रजीत चालते. सुरुवातीचे महिने एक रुपया मिळत नाही. घरी पैसे पाठवायचे असतील तर रात्रीचे दोन तास फुकट घालवणं सोपं नसतं, आणि ज्याला जमत नाही तो आळशी नसतो. दार उघडं आहे म्हणजे सगळ्यांना सारखंच अंतर चालावं लागतं असं नाही. हे मला लपवायचं नाही.

पण आमचे एक काका आहेत, आयुष्यभर रापणीवर गेलेले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. त्यांनी एकदा मला विचारलं, "झिला, तू दिवसभर त्या डबड्यासमोर बसान करतस तरी काय? आणि पैशे कोण देता?" मी ओपन सोर्स समजावलं, जमेल तसं. ते म्हणाले, "म्हणजे रापणच मां ती. दोराक हात लावलंस काय वाटो गावता. पण आधी पाण्यात उतराक होया."

रापणीत नवा पोर पहिल्या दिवशी जाळं टाकत नाही. दोराच्या शेवटाला उभा राहतो, ओढलेला दोर गुंडाळतो, आणि कोण कधी ओढतं, कधी थांबतं ते बघतो. कंपायलरमध्ये जुन्या नोंदी तपासणं आणि टेस्ट लिहिणं म्हणजे तेच.

आणि एक काम तुला पहिल्या दिवशीच करता येईल, जे जुन्या माणसांना जमणार नाही. तू जिथे जिथे अडशील ते लिहून ठेव. सहा महिन्यांनी ते तुला सोपं वाटायला लागेल आणि इथे आपण अडलो होतो हेच विसरशील. तुझ्या मागून सावंतवाडीचा नाहीतर देवगडचा कोणीतरी येणार आहे. मराठीत लिहिलंस तर फारच छान.

चला, आजच्यापुरतं एवढंच. कुठली जुनी नोंद तपासलीत ते मला मेसेज करून सांगा, पुढच्या एपिसोडच्या सुरुवातीला तुमची नावं घेऊ. भेटू, काळजी घ्या.